मॅडम, फक्त एक सही हवी होती

फर्स्ट इयरला मी माझ्या मेंटॉर मॅडमना, म्हणजे कॉलेजने मला नेमून दिलेल्या मार्गदर्शक शिक्षिकेला, एकूण तीन वेळा भेटले आणि तिन्ही वेळेला काम एकच, सही. त्यातल्या एका दिवशी तर एकाच बैठकीत चार सह्या ठोकल्या, कारण जुलै ऑगस्ट सप्टेंबर ऑक्टोबर अशा चार मेंटॉर मीटिंग कागदावर होऊन गेल्या होत्या आणि प्रत्यक्षात एकही झाली नव्हती. मागून कोणीतरी म्हणालं, पेनं बदला रे, सगळ्या सह्या एकाच शाईत दिसतायत. मॅडमनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

फॉर्म पण एक होता. नाव, रक्तगट, वडिलांचा व्यवसाय, छंद, माझी बलस्थानं, माझ्या कमकुवत बाजू, करिअरचं ध्येय. पुढच्या बेंचवरच्या मुलीने बलस्थानात हार्ड वर्किंग आणि कमकुवत बाजूत ओव्हरथिंकिंग लिहिलं आणि तिच्या मागच्या निदान दहा-बारा जणांनी तेच उतरवलं, मी त्यातलीच. कोणी वाचणार नाहीये हे आम्हाला माहीत होतं, मॅडमना माहीत होतं, आणि आम्हाला माहितीये हेही मॅडमना माहीत होतं. नॅकच्या, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या, मूल्यांकनात एका मेंटॉरमागे किती विद्यार्थी हे दाखवायची पद्धत होती, त्यामुळे बऱ्याच कॉलेजात मेंटॉरिंग म्हणजे एक फाईल असते, आमच्याकडेही तशीच होती, निळी, पाठीवर लेबल लावलेली.

त्यात आमच्या मॅडम बॉटनीच्या. मी फिजिक्स, मॅथ्स, स्टॅट्स असे तीन विषय घेतलेली. मला वाटायचं या बाईंना माझं काय कळणार. शिवाय त्या सीएचबीवर होत्या, म्हणजे तासिका तत्त्वावर, घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात, मेंटॉरिंगच्या तासाचे नाही. हे तेव्हा माहीत नव्हतं, नंतर कळलं, आणि कळल्यावर त्या चार सह्यांवरून मी मनातल्या मनात जे काय काय बोलले होते त्याचं थोडं वाईट वाटलं.

मग सल्ला घ्यायचो कोणाचा, तर ग्रुपचा. व्हॉट्सॲपवर वर्गाचा एक ग्रुप, डिपार्टमेंटचा एक, आणि एक सीनियर्सनी चालवलेला, त्यावर कुठलाही प्रश्न टाका, दोन मिनिटात उत्तर येतं. हे खरंच भारी असतं, कोणाची स्टाफरूमबाहेर वाट बघायला नको, चप्पल घालून खाली पण जायला नको. फक्त उत्तर बरोबर असेलच असं नाही. माझा पहिला फटका ओईचा. ओई म्हणजे ओपन इलेक्टिव्ह, २ क्रेडिटचा पेपर, आणि नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत तो तुमच्या शाखेबाहेरचा घ्यायचा असतो, सायन्सवाल्याने कॉमर्सचा किंवा आर्ट्सचा वगैरे. एका सीनियरने सांगितलं कॉम्प्युटरचा घे, स्कोरिंग आहे, आम्ही तेच केलेलं. त्याने केलेलं असेलही, पण तो २०१९ च्या पॅटर्नचा आणि आम्ही २०२४ चे, संलग्न कॉलेजांमध्ये नवीन रचना लागू झाली त्याच वर्षी आम्ही आत आलो. तो खोटं बोलत नव्हता, तो त्याच्या कॉलेजबद्दल सांगत होता, जे त्याच बिल्डिंगमध्ये असलं तरी माझं कॉलेज नव्हतं. माझा फॉर्म परत आला तोपर्यंत कॉमर्सचे पेपर भरून गेले होते आणि मला उरलासुरला पर्यटनाचा मिळाला. पेपर मस्त निघाला ती वेगळी गोष्ट.

खरी गंमत वर्षाच्या शेवटी. ज्यांना ही रचना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. आमच्या विद्यापीठात फर्स्ट इयरला तीन विषय समान वजनाचे असतात, आणि सेकंड इयरला जाताना त्यातला एक मेजर म्हणजे मुख्य करायचा, एक मायनर म्हणजे दुय्यम, आणि तिसरा सोडून द्यायचा. सोडायचा म्हणजे सोडायचाच, परत तोंड बघायचं नाही. बारावीनंतर कुठली लाईन घ्यायची यावर घरात दोन महिने चर्चा होते, क्लासवाले असतात, काका मामा असतात, पेपरात पुरवण्या येतात, आणि हा निर्णय जो माझ्या मते तेवढाच मोठा आहे तो घ्यायला आम्हाला मिळाले निकाल आणि ॲडमिशन यामधले थोडेसे दिवस आणि एक गूगल फॉर्म.

त्या दिवसात अचानक सगळे डिपार्टमेंट प्रेमळ झाले. फिजिक्सच्या सरांनी, जे वर्षभर आमच्याकडे बघून हसले नव्हते, फिजिक्स घेतल्यावर काय काय होता येतं याचं प्रेझेंटेशन दिलं. गणितवाल्यांनी दुसऱ्या दिवशी. स्टॅट्सच्या मॅडमनी एक माजी विद्यार्थी बोलावला. मला आधी वाटलं किती काळजी करतात आपली. नंतर लायब्ररीतल्या एका ताईने सांगितलं की अगं मेजरला पोरं आली नाहीत तर यांचा वर्कलोड जातो, तासच उरत नाहीत. मग लक्षात आलं की तिघांनीही स्वतःच्या विषयाबद्दल खरं तेच सांगितलं होतं, पण तो विषय माझ्यासाठी नाही असं सांगायची सोय त्यातल्या एकालाही नव्हती.

घरी पप्पांचं ठरलेलं, फिजिक्स. स्टॅट्स घेऊन काय करतात हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं आणि मलाही नीट सांगता येत नव्हतं. आई म्हणायची काहीही घे पण पुढे बीएड करता आलं पाहिजे. ग्रुपवर पोल झाला, फिजिक्स ४१ स्टॅट्स १३ गणित ९ असं काहीतरी, आणि मी खरं सांगते, त्या पोलचा माझ्यावर परिणाम झाला.

मॅडमकडे मी सल्ला मागायला गेलेच नव्हते. बोनाफाइडच्या अर्जावर मेंटॉरची सही लागत होती म्हणून गेले. त्या लॅबमध्ये एकट्याच बसून वाळवलेल्या रोपांच्या शीटवर लेबलं चिकटवत होत्या. सही केली, कागद परत दिला आणि डोकं वर न करता विचारलं, मेजर काय टाकतेयस?

"फिजिक्स, बहुतेक."

"बहुतेक का?"

"सगळे तेच म्हणतायत."

"सगळे म्हणजे कोण? नावं सांग."

मला वाटलं चिडल्या. पण त्यांनी खरंच एक पाठकोरा कागद ओढला आणि लिहायला लागल्या. पप्पा, फिजिक्सचे सर, सीनियर, ग्रुप. प्रत्येकासमोर दोन रकाने, याला काय माहितीये आणि याला काय माहीत नाही. पप्पांना मी माहितीये, पॅटर्न माहीत नाही. सीनियरला कॉलेज माहितीये, पण त्याचा पॅटर्न जुना आणि मला तो ओळखत पण नाही. सरांना विषय माहितीये, माझे मार्क माहीत नाहीत आणि त्यांना पोरं हवीयेत, हे शेवटचं मी बोलले, त्यांनी लिहिलं नाही, नुसत्या हसल्या. ग्रुपसमोर त्यांनी प्रश्नचिन्ह काढलं. मग मी जरा धीर करून म्हणाले, आणि मॅडम तुम्ही? तर म्हणाल्या, मला बॉटनी माहितीये. तुझ्या तीनपैकी एकही विषय माझा नाही, त्यामुळे तू काहीही टाकलंस तरी माझा एक तास वाढत नाही आणि एक कमी होत नाही. तेवढाच माझा उपयोग.

वर्षभर मी ज्या कारणासाठी यांना बिनकामाचं समजत होते तेच कारण त्यांनी उपयोग म्हणून सांगितलं.

त्यांनी सल्ला मात्र दिला नाही. गृहपाठ दिला. गुरुवारी ये म्हणाल्या आणि येताना तीन गोष्टी आण. एक, दोन्ही सेमिस्टरचे मार्क, पण टोटल नको, थिअरी वेगळी, प्रॅक्टिकल वेगळं, इंटर्नल वेगळं. दोन, विद्यापीठाच्या साईटवरून तिन्ही विषयांची सेकंड आणि थर्ड इयरची रचना, पेपरांची नावं आणि क्रेडिट. तीन, पदवीनंतर जिथे जावंसं वाटतंय अशा तीन जागा आणि त्यांच्या प्रवेशाच्या अटींचं पान, बाकी माहितीपत्रक नको, चकचकीत फोटो असतात त्यात.

मी वैतागले होते. मला उत्तर पाहिजे होतं आणि मिळाला प्रोजेक्ट. पण त्या चार दिवसात मी जेवढं शोधलं तेवढं वर्षभरात शोधलं नव्हतं. क्रेडिट म्हणजे नक्की काय हेही तेव्हा कळलं, आधी मला वाटायचं क्रेडिट म्हणजे मार्कांचंच नवीन नाव. थिअरीचं १ क्रेडिट म्हणजे सेमिस्टरला १५ तास, प्रॅक्टिकलचं १ क्रेडिट म्हणजे ३० तास. वर्षाला ४४ क्रेडिट, तीन वर्षांना १३२ झाले की पदवी, चौथं वर्ष केलं तर १७६ आणि ऑनर्स. पहिल्या वर्षानंतर सोडलं तरी सर्टिफिकेट मिळतं पण त्यासाठी ४ क्रेडिटचं जास्तीचं काम करावं लागतं, हे आमच्या ग्रुपवर कोणालाच माहीत नव्हतं आणि आमच्यातल्या दोघांना तर नुसतं कॉलेजला येणं थांबवलं की सर्टिफिकेट घरी येतं असं वाटत होतं. एबीसी आयडी मी डिजिलॉकरवरून काढला होता, कॉलेजने काढायला लावला म्हणून, ते १२ आकडे कशासाठी आहेत हे बघितलंच नव्हतं. तर मिळवलेले क्रेडिट त्या खात्यावर जमा होतात आणि मध्ये शिक्षण थांबलं तर जास्तीत जास्त ७ वर्षांपर्यंत वापरता येतात. हे सगळं साईटवर आहे, कोणी लपवलेलं नाही, पण जोपर्यंत स्वतःचा प्रश्न घेऊन जात नाही तोपर्यंत ते वाचलंच जात नाही, डोळ्यासमोरून नुसतं सरकतं.

गुरुवारी आम्ही जवळजवळ दीड तास बसलो. मार्कांचा कागद आधी. फिजिक्सची टोटल माझी सगळ्यात जास्त होती, त्यामुळे मी फिजिक्समध्ये चांगली असा माझा स्वतःचाच समज. पण वेगळं करून मांडलं तर इंटर्नल आणि प्रॅक्टिकलने ओढून नेलं होतं, लेखी परीक्षेत एका पेपरला ३५ पैकी १६. स्टॅट्सला लेखी २७ आणि २६. मॅडम काही बोलल्या नाहीत, कागद माझ्याकडे फिरवला फक्त. मग विचारलं, प्रॅक्टिकलला काय आवडतं? मी सांगितलं की रीडिंग घेऊन झाल्यावर ते तक्ते, आलेख, एरर काढणं, आमच्या बॅचमध्ये ते काम सगळे माझ्यावर ढकलतात आणि मला चालतं. उपकरण लावायचं काम आलं की मी मागे सरकते. बोलता बोलता मलाच ऐकू आलं मी काय बोलतेय ते.

मग रचनेचा कागद. तिथे त्यांनी एक साधं गणित मांडलं जे मला सुचलं नव्हतं. २ क्रेडिटचं प्रॅक्टिकल म्हणजे सेमिस्टरला ६० तास, सेमिस्टर पंधरा आठवड्यांचं धरलं तर आठवड्याला ४ तास. मेजरची अशी प्रॅक्टिकलं पुढे पुढे वाढत जातात. तू रोज घरून येतेस ना, मग यातली किती दुपारनंतर असणार आणि घरी कधी पोचणार हे पण बघ, विषय आवडणं वेगळं आणि दोन वर्षं दर मंगळवारी सहाला घरी पोचणं वेगळं. हे कुठल्याच प्रेझेंटेशनमध्ये नव्हतं.

आणि मग अटींची पानं, इथे खरा घोळ निघाला. माझ्या डोक्यात स्टॅट्स मेजर आणि फिजिक्स मायनर असं अर्धवट ठरत आलं होतं, म्हणजे पप्पा पण थोडे खूश, आणि गणित सोडायचं, कारण गणित कंटाळवाणं. पण मी आणलेल्या तीन पानांपैकी दोनांवर लिहिलेलं की पदवीला गणित किमान दोन वर्षं म्हणजे चार सेमिस्टर असलं पाहिजे. मी ती पानं स्वतः प्रिंट काढून आणलेली, आणि वाचली नव्हती. जॅमची, म्हणजे आयआयटी वगैरेत एमएस्सीला जायच्या प्रवेश परीक्षेची, माहिती पण बघितली, त्यात सात पेपर असतात, मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सचा वेगळा पेपर आहे, आणि त्याच्या अभ्यासक्रमात गणिताचा पण भाग आहेच. म्हणजे जो विषय मी कंटाळा म्हणून सोडायला निघाले होते तो सोडला असता तर ज्या दाराकडे मी बोट दाखवत होते तेच दार मी स्वतः बंद करून आले असते, आणि मला ते थर्ड इयरच्या शेवटी फॉर्म भरताना कळलं असतं.

मग प्रश्न आला की मायनर म्हणून घेतलेलं गणित ते लोक धरतील का? पानावर जुन्या पद्धतीची भाषा होती, मुख्य विषय, दुय्यम विषय, मायनर हा शब्दच नाही. इथे मॅडम म्हणाल्या, मला माहीत नाही. असं कोणी शिक्षक सरळ म्हणाल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं. आमच्याकडे माहीत नसलं की होतं गं ॲडजस्ट असं म्हणायची पद्धत आहे. त्या मला ऑफिसमधल्या काकांकडे घेऊन गेल्या, ते म्हणाले मार्कशीटवर चारही सेमिस्टरला विषयाचं नाव छापून येईल एवढं मी सांगू शकतो, पुढचं तिकडच्यांना विचारा. मग माझ्याकडूनच प्रवेश विभागाला ईमेल लिहून घेतला. मी सुरुवात केली होती, रिस्पेक्टेड सर, आय ॲम अ स्टुडंट ऑफ, आणि अर्धं पान माझी कहाणी. त्यांनी सगळं खोडलं आणि चार ओळी ठेवल्या, ही रचना, हे क्रेडिट, हा प्रश्न, हो की नाही. सहाव्या दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं, चार सेमिस्टरच्या मार्कशीटवर गणित दिसत असेल तर चालेल. तो ईमेल मी अजून जपून ठेवलाय.

आईच्या बीएडचं पण विचारलं. शाळेत कुठल्या विषयाची अध्यापन पद्धती घेता येणार हे पदवीच्या विषयांवर ठरतं, त्या हिशोबाने गणित असणं सोयीचं, एवढं त्यांनी सांगितलं आणि नियम त्या त्या वर्षीचे वाचायचे असंही.

तर स्टॅट्स मेजर, गणित मायनर, फिजिक्स सोडलं. पप्पा चार दिवस बोलले नाहीत. मी त्यांना मार्कांचा तो फोडलेला कागद दाखवला, ते म्हणाले १६ कसे पडले, आणि विषय भलतीकडेच गेला. फिजिक्सची लॅब मला अजून आठवते, तो निर्णय शंभर टक्के बरोबर होता असं काही मी म्हणणार नाही. पण का घेतला हे मला सांगता येतं.

आता एवढं सगळं झाल्यावर मी शहाणी झाले असेन असं वाटेल, तर नाही. सेमिस्टर तीनला गणिताच्या एका पेपरला केटी लागली, म्हणजे त्यात नापास. आणि मी मॅडमकडे गेले नाही. लाज वाटली, सरळ आहे. ज्या बाईंनी दीड तास बसून गणित घ्यायचं कारण समजावलं त्यांना काय तोंड दाखवायचं. मी कॉरिडॉरमध्ये त्या दिसल्या की जिन्याने वर जायचे. जवळजवळ तीन आठवडे. शेवटी परीक्षेचा फॉर्म भरताना सही लागली, परत सहीच, तेव्हा त्यांनी निकाल बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, फोटोकॉपी मागवलीस का? उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवायची, ती बघायची, विषयाच्या शिक्षकांना दाखवायची आणि मग वाटलं तर पुनर्मूल्यांकनाला टाकायची, आणि या सगळ्याला निकालापासून मोजून दिवस असतात. ते दिवस मी जिन्याने वरखाली करण्यात घालवले होते. मला दोनच मार्क कमी होते. फोटोकॉपीत काही निघालं असतं की नाही माहीत नाही, कदाचित नसतंच निघालं, पण ते आता कधीच कळणार नाही. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, चांगल्या बातमीला उशीर केलास तर चालतो गं, वाईट बातमी त्याच दिवशी घेऊन यायची.

मी नंतर आमच्या बॅचमधल्या बाकीच्यांकडे बघायला लागले की हे लोक मेंटॉरचं काय करतात. एक मुलगी आहे, टॉपर, ती दर पंधरा दिवसांनी जाते, तिला खरं तर काही गरज नाही पण ती जाते, आणि तिला इंटर्नशिप, स्पर्धा, स्वयम या सरकारी ऑनलाइन साईटवरचे कोर्स हे सगळं सगळ्यात आधी कळतं. स्वयमचे क्रेडिट आपल्या पदवीत घेता येतात, यूजीसीच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे एका सेमिस्टरच्या ४० टक्क्यांपर्यंत, पण कॉलेजची आधी परवानगी लागते, हे तिला माहीत होतं आणि आमच्या वर्गातल्या एकाने परवानगीशिवाय कोर्स पूर्ण करून परीक्षा देऊन वरून सर्टिफिकेट फ्रेम करून घेतलं. दुसरा एक मित्र सकाळी कॉलेज आणि दुपारपासून काम करतो. मेंटॉरचा तास चार वाजता. त्या तासाला तो दोन वर्षात एकदाही गेलेला नाही आणि त्याची हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली आहे आणि दोन केट्या आहेत, म्हणजे ज्याला जायची सगळ्यात जास्त गरज तोच जाऊ शकत नाही. याचं उत्तर माझ्याकडे नाही, मी मॅडमना सांगितल्यावर त्यांनी त्याला सकाळी पहिल्या तासाआधी बोलावलं होतं, तो दोनदा गेला, मग त्यालाच जमलं नाही. तिसरा प्रकार म्हणजे मेंटॉरकडे जाऊन सर मी काय करू असं विचारणारे. त्यांना सर जे सांगतात ते ते करतात आणि बिघडलं की सरांनी सांगितलं होतं म्हणतात. सल्ला आणि आदेश यातला फरक सल्ला घेणाऱ्यालाच नको असतो कधीकधी.

माझी मावसबहीण अमेरिकेत शिकते, तिच्याकडे ॲडव्हायझर ही वेगळी पगारी नोकरीच असते. पुढच्या सेमिस्टरचे विषय निवडायच्या आधी ॲडव्हायझरला भेटलं नाही तर रजिस्ट्रेशनवर होल्ड लागतो, सिस्टीम पुढे जाऊच देत नाही. मला वाटलं वा काय सोय आहे. ती म्हणाली, कसली सोय, पंधरा मिनिटं मिळतात, त्यात अर्धी पोरं नुसता होल्ड काढून घ्यायला जातात आणि दारातच विचारतात, झालं का? मला एकदम आमची निळी फाईल आठवली. सक्ती केली की सहीच होते बहुतेक, इथे काय तिथे काय. पण सक्ती नसती तर मी तरी त्या दिवशी लॅबमध्ये कशाला गेले असते, बोनाफाइडची सहीच होती ना ती. त्यामुळे यावर माझं काही ठाम मत नाही.

एक गोष्ट मात्र नक्की की मॅडमकडे जे होतं ते माहितीचं भांडार नव्हतं. माहिती त्यांच्यापेक्षा ऑफिसमधल्या काकांना जास्त आणि साईटवर त्याहून जास्त. त्यांच्याकडे होता एक कागद. माझ्या नावाचं पान होतं त्यांच्या डायरीत, फॉर्म नाही, त्यांची स्वतःची डायरी, त्यात तारीख आणि दोन ओळी, काय ठरलं, काय विचारायचं राहिलं. पुढच्या वेळी गेलं की त्या ते पान उघडून विचारायच्या, त्या ईमेलचं काय झालं? पप्पा बोलायला लागले का? मला आधीचं सगळं परत सांगावं लागायचं नाही. ग्रुपवर हे कधीच होत नाही, तिथे दरवेळी तुम्ही नव्याने अनोळखी असता.

यंदा थर्ड इयर. जुलैमध्ये मेंटॉरची नवी यादी लागली आणि त्यात मॅडमचं नाव नव्हतं. सीएचबीची नेमणूक त्या वर्षापुरती, पुढच्या वर्षी परत मुलाखत, यंदा त्यांना बोलावणं आलं नाही किंवा त्यांनी दुसरीकडे घेतलं, नक्की कोणाला माहीत नाही. निळी फाईल कॉलेजकडे राहिली, ज्यात माझं ओव्हरथिंकिंग आहे. डायरी त्यांची होती, ती त्यांच्याबरोबर गेली.

मला आता नवीन प्रश्न आहे. तीन वर्षांवर थांबायचं की चौथं वर्ष करायचं. चौथ्या वर्षाला रिसर्च हवं असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरना ७५ टक्के लागतात, केटीमुळे माझं ते काठावर आलंय. चार वर्षं केली तर पुढे पीजी एक वर्षात होऊ शकतं, तीन वर्षांनी बाहेर पडलं तर दोन वर्षांचं, म्हणजे एकूण वर्षं तेवढीच, मग फरक काय, तर फरक फी, गाव, कुठल्या संस्थेत कुठली सोय आहे आणि एक वर्षाचं पीजी खरंच कोण कोण सुरू करतंय यात आहे. ग्रुपवर परवा पोल झाला यावर पण. मी मत दिलं नाही.

नवीन मेंटॉर केमिस्ट्रीचे सर आहेत. पहिल्या मीटिंगला तोच फॉर्म. छंद, बलस्थानं, कमकुवत बाजू. मी फॉर्म भरला, आणि मागच्या कोऱ्या बाजूला माझे आतापर्यंतच्या चार सेमिस्टरचे मार्क थिअरी प्रॅक्टिकल वेगळे करून लिहिले, खाली तीन जागा आणि तीन शंका. रांगेत माझ्यामागे वीसएक जण होते. सरांनी सहीची जागा दाखवली आणि विचारलं, काही अडचण नाही ना?

मी म्हणाले, आहे सर, पण आत्ता नको, गुरुवारी तुमचा कुठला तास मोकळा असतो?

त्यांनी पहिल्यांदा फॉर्म उलटा करून बघितला.